मापाची नळी

बुरुल आत्या पलीकडच्या खोऱ्यात शेवटच्या घटका मोजत होती, आणि कंबर मोडलेले बाबा घोड्यावर बसू शकत नव्हते. त्यांना बहिणीपर्यंत नेईल असं सगिनबेककडे एकच वाहन होतं, साइडकारवाली जुनी फटफटी. तिच्या मागच्या चाकाची दोन्ही बेअरिंगं गेली होती. नारिनच्या बाजारातून कशीबशी नवी जोडी मिळाली, तीही दुकानातली शेवटची.

"नुसता हातोडा घातलास तर बेअरिंगचा चुरा होईल," बाबा तंबूतून ओरडले. "मापाची नळी ठेव, मग वरून हाण!"

शेजारच्या मुकाशनं चहाच्या बंबाचं, समोवारचं धुराडं काढून दिलं. "माझा चहा गेला खड्ड्यात, आत्याला सलाम सांग!" ते पहिल्याच ठोक्यात चेपलं. तंबूची खुंटी ठेवून पाहिली, ती बारीक पडली.

वैतागून सगिनबेक खाली बसला, तर उघडलेल्या चाकाशेजारीच एक लोखंडी नळी पडलेली. ठेवून बघतो तर अगदी मापाची! टकाटक दोन्ही बेअरिंगं आत.

नळी नाचवत तो बाबांकडे धावला. "बघा बाबा, अशी घट्ट बसलीत, आता फोडल्याशिवाय निघायची नाहीत!"

बाबांनी नळी उलटसुलट करून पाहिली, आणि प्रवासासाठी चढवलेले बूट हळूहळू काढायला घेतले.

 

"लेका, ही त्या दोन बेअरिंगांच्या मधे, चाकाच्या आत बसवायची असते."