दारापलीकडे

भावंडांनी मिळून व्हिडिओ गेम काढायचं ठरवलं, त्याला चार वर्षं झाली. गोष्ट आणि चित्रं धाकटीची, आणि गेम ज्याच्यावर चालणार ते इंजिन दादाचं. तयार इंजिनं बाजारात ढिगाने पडली होती, पण दादाला खिळ्यापासून सगळं स्वतःच्या हातचं हवं होतं.

आज त्याने मोठ्या कौतुकाने तिला स्क्रीनसमोर बसवलं. "हे दार बघ. दमट हवेत फुगतं, उन्हात करकरतं, बिजागरीला गंजसुद्धा चढतो!"

तिने दार उघडलं. पलीकडे नुसता करडा रंग.

"दादा, मी काढलेलं गाव कुठाय?"

"गावाचं काय घेऊन बसलीस? इंजिन एकदा मनासारखं होऊ दे, मग गेम काय, चुटकीसरशी होईल."

"चार वर्षं हेच ऐकतेय! पंगत ताटकळलीय आणि तू अजून चूलच सारवत बसलायस! तुझ्या भरवशावर नोकरी सोडली मी! घाल ते इंजिन त्याच चुलीत!"

तिने बॅग उचलली आणि ऑफिसचं दार असं आपटलं, की काचा खळखळल्या. पुन्हा म्हणून या जिन्याची पायरी चढायची नाही, असं पुटपुटत ती खाली पोचते तोच फोन वाजला. दादाचा मेसेज. आजवर त्याने कधी माफी मागितली नव्हती. तिचा राग निम्मा तिथेच उतरला. तिने मेसेज उघडला.



"दार आपटल्यावर काच क्षणभर उशिरा थरथरली, माझ्या इंजिनमध्ये तसं होत नाही गं. वर येऊन परत एकदा तस्संच आपटतेस का? रेकॉर्ड करतो."