दोनशे ताटांचं बिल

"ताटं दोनशे लिहा," मुलगी म्हणाली.

आयोजिकेनं पेन खाली ठेवलं. बारा वर्षं लोकांचे समारंभ पार पाडून तिनं हजारभर बिलं केली होती. आकडा कमी करा म्हणणारे रोज भेटायचे. वाढवा म्हणणारी ही पहिलीच. समोरच्या कच्च्या कागदावर ताटं एकोणीस होती, कारण या मुलीच्या बाबांच्या पंचाहत्तरीला एकोणीसच माणसं जेवली होती.

बाबा म्हणजे माइकवाले. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या समारंभांत माइक लावले आणि पडद्यामागे बसून सगळ्यांचे आवाज सांभाळले. मुलीनं दोनशे जणांना स्वतः फोन केले होते. झाडून सगळे "नक्की येतो" म्हणाले. पडद्यामागच्या माणसासाठी एक संध्याकाळ काढायची तर सवड हवी ना. एकोणीस आले, हेच खूप म्हणायचं.

वेळ टळून गेली तरी खुर्च्या मोकळ्याच, तेव्हा मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. बाबांचे डोळे मधुमेहानं नेले होते, त्या दिवशी तेवढीच काय ती सोय. आयोजिकेनं वाढपी, खुर्च्या लावणारे, फुलं बांधणारे असे सगळे उचलून पुढच्या रांगांत बसवले आणि टाळ्या वाजवायला सांगितल्या. तिचा ड्रायव्हर तर तीनदा स्टेजवर जाऊन तीन वेगवेगळ्या आवाजांत शुभेच्छा देऊन आला. बाबांनी जुन्या सवयीनं माइकवर टिचकी मारली, क्षणभर थांबले, चार वाक्यं बोलले आणि घसा बसलाय म्हणत खुर्चीत टेकले. भारावले असतील, असं दोघींना वाटलं. मुलगी मागे जाऊन रडून आली.

आणि आता हे बिल. घरात येणारं प्रत्येक बिल बाबा वाचून घेत, अगदी विजेचंसुद्धा.

"तुम्हीच वाचून दाखवा, ताई. मी खोटं बोलले की त्यांना माझ्या आवाजावरून लगेच कळतं. पैसे दोनशेचे देते मी."

"पैसे एकोणीसचेच घेईन," आयोजिका म्हणाली. "कागद दोनशेचा देते."

आयुष्यातलं पहिलं खोटं बिल तिनं चांगल्या अक्षरात लिहिलं आणि त्यांच्या घरी गेली.

बाबा खिडकीपाशी बसले होते. तिनं वाचायला सुरुवात केली. हॉल. फुलं. दोन माइक, चार स्पीकर. खुर्च्या दोनशे. जेवणाची ताटं दोनशे. बाबा मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. शेवटी त्यांनी "ठीक" म्हटलं. मुलीचा जीव भांड्यात पडला. ती चहा करायला आत गेली.

आतून कपबशा वाजल्या, तसे बाबा हळूच म्हणाले, "तुमचा तो तीन आवाजांत बोलणारा माणूस गुणी आहे. सांगा त्याला."

आयोजिकेच्या हातातला कागद हातातच राहिला.

"भरलेला हॉल आवाज पितो, बाई. मोकळा घुमतो. टिचकी मारली तेव्हाच कळलं मला." त्यांनी खुर्चीच्या हातावर तशीच टिचकी मारली. "वाईट वाटलं हो. फार वाटलं. आणखी बोललो असतो तर आवाज फुटला असता माझा. पोरगीही बापाचा आवाज ओळखते. म्हणून आवरतं घेतलं."

आयोजिकेनं बिलाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

मुलगी चहा घेऊन आली. बाबांनी पावलांच्या दिशेनं तोंड वळवलं. ते हसत होते.

"दोनशे म्हणजे कमीच धरली गं यांनी," ते म्हणाले. "एवढी गर्दी होती, माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचलासुद्धा नसेल."