ठोकून-वाजवून घेतलेली मडकी

मडकं फुटलंच नाही.

भुपेंद्रने काठी पुन्हा उगारली. अड्याळच्या त्या छोट्याशा चर्चमध्ये दिवे मालवले होते, नाताळची नाटिका ऐन रंगात आली होती, आणि सेनापती झालेला भुपेंद्र, रोज जिमला जाऊन दंड फुगवणारा भुपेंद्र, एका मडक्यापुढे घामाघूम झाला होता. ठण्ण! मडक्यावर ओरखडासुद्धा नाही. काठीचे मात्र दोन तुकडे.

गोष्ट बायबलातली, आणि तशी साधी. देवाचा एक भित्रा सेनापती, मूठभर सैनिक, प्रत्येकाच्या मडक्यात लपवलेला दिवा. अंधारात मडकी फोडायची, लख्ख उजेड पडतो, झोपलेला शत्रू घाबरून पळतो, लढाई खतम. पण मडकीच फुटेनात तर शत्रूने पळायचं कशाला? तो बिचारा डोक्याला टॉवेल गुंडाळून केव्हाचा स्टेजवर पडून होता. त्यातला मनिष तर खरंच घोरत होता.

पडद्यामागे टीना दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. हेच तिचं काम. पास्टरांच्या बायकोने, ललिताबाईंनी, ते स्वतः तिला दिलं होतं. "तू फक्त बसून राह्य. कशालेच हात लावू नको. तेवढं केलं तरी प्रभूची लय मोठी सेवा होईन, माय!"

कारण टीनाच्या हातात वस्तू टिकतच नसे. गेल्या नाताळात गव्हाणीतल्या बाळ येशूचं नाक तिच्याच हातून गेलं, आणि ती तर नुसती धूळ पुसत होती. तिला नाटकात काम हवं होतं. उंटाचे मागचे पायसुद्धा चालले असते! म्हणून ती रोज विनवायची, "प्रभू, माहे हात दुरुस्त कर." उत्तरादाखल परवा आईची चिनीमातीची बरणी गेली. लोणच्यासकट.

"काकू, मडके काहून नाही फुटून राहिले?" तिने कुजबुजत विचारलं.

ललिताबाईंचा चेहरा पडला. आठवडी बाजारात त्यांनी जे केलं, ते अड्याळची कुठलीही बाई करते. एकेक मडकं कानाशी धरून ठोकलं, वाजवलं. बद्द आवाज आला ते बाजूला, खणखणीत वाजलं ते पिशवीत. कुंभार म्हणालाही होता, तडकलेली फुकट घेऊन जा. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही. नाटकात मडकी फोडायची आहेत, हे तेव्हा त्यांच्या डोक्यातच आलं नाही. वर खळ्याचा देखावा हवा म्हणून त्यांनीच स्टेजभर धानाची तणस, म्हणजे भाताचा सुका पेंढा, पसरली होती. चांगली गादीसारखी जाड.

भुपेंद्रने मडकं डोक्यावर उचललं आणि आपटलं. ते तणसीवर धप्पकन बसलं. आरामात.

"मडकं राहू दे बापू, तूच फुटशीन!" पुढच्या रांगेतून किराणावाले भैयाजी ओरडले. निम्मं गाव नाटक पाहायला आलं होतं. निम्मं गाव हसलं.

ललिताबाईंनी टीनाकडे पाहिलं. टीनाने ललिताबाईंकडे पाहिलं.

"जाय," बाई म्हणाल्या. "फोड."

टीनाचे हात मांडीखालून असे निघाले, जशी पिंजऱ्यातून कोंबडी! ती वाऱ्यासारखी स्टेजवर गेली. मडकं उचललं, दात-ओठ खाल्ले, सगळा जीव एकवटून आपटलं. धप्प. दुसरं उचललं. धप्प. जन्मात पहिल्यांदा टीनाच्या हातून काही फुटत नव्हतं, तेही अख्ख्या गावासमोर. तिचे डोळे भरून आले. एकच गोष्ट तिला जमत होती. आता तीही जमेना.

"राहू दे वो बाई," पडद्यामागून ललिताबाईंचा थकलेला आवाज आला. "सगळे मडके इकडे घेऊन ये. अन् सांभाळून आण, आतले टॉर्च लोकायचे आहेत!"

सांभाळून. टीनाने बाहीला नाक पुसलं. तोंडाला फडकी बांधलेली ती सगळी मडकी तिने तान्ह्या बाळासारखी छातीशी कवटाळली. श्वास रोखला. अंधारात जपून एक पाऊल टाकलं. जपून दुसरं. तिसरं मनिषच्या पोटावर.

"आई वोऽऽ!" शत्रू किंचाळला.

टीना हेलपाटली. मडकी तणसीवरून, स्टेजवरून, थेट खालच्या फरशीवर. खळ्ळ! एकजात सगळी. धानातली रानडुकरं हाकलायचे ते दणकट टॉर्च चहूकडे गडगडले आणि छतावर, भिंतींवर, भैयाजींच्या उघड्या तोंडावर उजेडच उजेड झाला. अर्धवट झोपेतला मनिष जीव घेऊन दाराबाहेर पळाला. तो पळाला म्हणून उरलेला शत्रूही पळाला. भुपेंद्रला काहीच सुचेना, म्हणून तो "हालेलुया!" ओरडला. टाळ्या तर अशा, की चर्चचे पत्रे थरथरले.

पास्टर लक्ष्मणराव माइकपाशी आले. माणसाच्या कमजोरीत देवाची ताकद कशी दिसते, यावर ते अर्धा तास बोलणार होते. त्यांनी खापऱ्यांकडे पाहिलं. टीनाकडे पाहिलं.

"उपदेश झाला," ते म्हणाले. "प्रार्थना करू."

सगळ्यांनी डोळे मिटले. टीनाने केसांतली तणस न काढताच हात जोडले.

"प्रभू," ती हळूच म्हणाली, "ते माह्या हातायचं रोज सांगून राहिली होती ना मी? ते राहू दे."