तिवरांना हात लावू नका

पोकलेनचा पंजा वर गेला की प्राप्तीचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. “खाडी आमची! तिवरं आमची!” कोपर गावच्या बांधावर धरणं धरून बसलेल्या बायका मग तिच्यामागून ओरडायच्या. एरवी ही कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण रस्त्यासाठी खाडीतल्या खारफुटीची ही तिवरं तोडणार म्हटल्यावर पहिली येऊन बसली ती हीच. आंदोलनाचा पुढारी विश्राम तर हल्ली भाषणात तिचं नाव घ्यायला लागला होता.

“वहिनी, मानलं तुम्हाला,” तो म्हणाला. “खाडीवर एवढी माया!”

प्राप्ती हसली. माया कसली डोंबलाची! त्या तिवरांत, चिखलाखाली, तिचा नवरा होता.

जयेश बेपत्ता आहे असं गाव समजत होतं. त्या रात्री सासू खडवलीला लग्नाला गेलेली आणि पिऊन आलेल्या जयेशनं पट्टा काढलेला. प्राप्तीनं फक्त ढकललं. डोकं उंबऱ्यावर आपटलं आणि तो उठलाच नाही. भरती आल्यावर त्याच्याच होडीतून तिनं त्याला नेलं. एवढंच झालं होतं. पोलिसांना मात्र एवढं पुष्कळ झालं असतं.

शेजारी सासू, सगुणाबाई, सुपात सुकट घेऊन निवडत बसल्या होत्या. ओहोटीला याच तिवरांत खेकडे धरण्यात त्यांचा जन्म गेलेला, तरी त्यांना आंदोलनाचं काही सोयरसुतक नव्हतं. सून बसली म्हणून बसल्या. पोकलेनकडे त्यांनी एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं. दुपार झाली की घरी जायच्या, जयेशचं ताट वाढून झाकून ठेवायच्या आणि परत येऊन बसायच्या. सुनेला मंगळसूत्र काढू द्यायच्या नाहीत. “माझा पोर कुठं जात नाय,” म्हणायच्या. ते ऐकलं की प्राप्ती मंगळसूत्र पदराआड सारायची. म्हातारीची दया यायची आणि भीतीही वाटायची.

“आई, तिथं खणलं तर?” त्या दिवशी तिच्या तोंडून निघूनच गेलं.

“खणू दे गो. चिखलाबिगर काय निघनार?”

संध्याकाळी विश्राम धावतच आला. “जिंकलो! तिवरांना कुणी हात लावणार नाही!”

बायकांनी गुलाल उधळला. पोकलेन धडधडत मागे सरकलं. प्राप्ती हमसून हमसून रडली. तिचा जीव आज कुठे भांड्यात पडला.

“रस्ता आता बांधावरून वळवणार,” विश्राम सांगत होता. “वहिनी, तुमचं आणि बाजूची दोन घरं जातील फक्त. बदल्यात पक्के फ्लॅट. पायासाठी खोल खणायचंय, म्हणून घरं लवकर रिकामी करा म्हणतात. मी तुमच्या वतीनं हो म्हणून आलो.”

“बरं केलंत, भावोजी!” प्राप्ती डोळे पुसत म्हणाली. त्या घराचा तिला कसला आलाय लळा! “आजच पाडा म्हणावं.”

तिनं सासूला उठवायला हात पुढे केला. सगुणाबाई उठल्या नाहीत. सूप मांडीवरून घसरून सुकट चिखलात सांडली होती. पोकलेन वळून घरांकडे तोंड करून उभं राहिलं होतं आणि त्या पहिल्यांदाच त्याच्याकडे बघत होत्या.

“आई, संपलं सगळं. चला घरी.”

म्हातारीनं तिचं मनगट घट्ट धरलं.

“काय केलंस गो तू,” त्या कुजबुजल्या. “तिवरांत कोन नाय आता. त्याला मी कवाच घरी आणलाय.”