संशय

स्टाफरूममधून वसुधाबाईंची अंगठी हरवली, तेव्हा मुख्याध्यापक आठवणी दाखवणारं यंत्र घेऊन थेट काळेबाईंपाशी आले.

"बाई, राग मानू नका. नेहमीचंच आहे."

पारध्यांच्या पालात वाढून शिक्षिका झालेल्या काळेबाईंनी मुकाट्याने अंबाड्यातले आकडे काढले आणि यंत्राचा टोप डोक्यावर चढवला. या शाळेतली ही सहावी वेळ होती.

भिंतीवरच्या पडद्यावर त्यांची सकाळ उमटली. वेणी घालून घेता घेता लेक विचारत होती, "आई, नव्या शाळेत कुणी जात विचारली तर?"

"काहीतरी दुसरंच सांग," बाई म्हणत होत्या.

सगळ्या शिक्षकांनी ते ऐकलं. अंगठी मात्र त्या सकाळीत कुठेच नव्हती.

"कालचंही बघा ना," वसुधाबाई पुटपुटल्या.

काळेबाईंनी टोप काढून त्यांच्यापुढे धरला. "आधी तुमची सकाळ बघू. घरीच विसरला असाल."

"अहो, काहीतरीच काय!" मुख्याध्यापक दचकले. "त्यांच्यावर कुणाचा संशय आहे का?"

काळेबाई खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी टोप पुन्हा स्वतःच्याच डोक्यावर चढवला.