अजून मऊच आहे

रविवारी अवनी बाबाकडे राहायला आली, की दोघांनी मिळून काहीतरी खायचं करायचं, हे ठरलेलं. या वेळी कुल्फीचा बेत होता. सकाळीच सलिलने दूध आटवलं, अवनीने वेलदोडे कुटले. गार झाल्यावर तिने तीन फुलपात्रं भरली आणि वर फॉइल लावून काड्या खोचल्या.

"खाणारे आपण दोघंच आहोत," सलिल म्हणाला.

"असू दे," अवनी म्हणाली.

मग दिवसभर ती उठून-उठून फ्रीजर उघडत राहिली.

"अशी दार धरून उभी राहिलीस, तर दिवाळीपर्यंत गोठणार नाही ती," सलिलने सुनावलं. त्यावर तिने दार आणखी जरा वेळ उघडंच ठेवलं.

संध्याकाळी ऋचा कोथरूडहून लेकीला न्यायला आली. वेगळी राहायला लागल्यापासून ती दाराबाहेरच थांबायची, हेल्मेटसुद्धा न काढता.

"आई, कुल्फी गोठलीच नाहीये. खाल्ल्याशिवाय कशी येऊ?"

ऋचाने सलिलकडे पाहिलं. मग चपला काढून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. सलिलही मागोमाग गेला. तिने फ्रीजर उघडून एक काडी हलकेच ओढली. काडीबरोबर अख्खं फुलपात्र वर आलं.

ते तिने अलगद परत आत ठेवलं आणि दार लावलं.

"मऊच आहे अजून. तासभर तरी लागेल," असं म्हणत तिने हेल्मेट काढून ओट्यावर ठेवलं.