शुक्रवारच्या गप्पा

हेमलता दर शुक्रवारी नागपूरच्या कुमुदला फोन करी आणि नुकत्याच पाहिलेल्या सिनेमांवर दोघी तासभर बोलत. दोन वर्षांनी ती या जुन्या मैत्रिणीकडे राहायला गेली. चहा पिताना तिने विचारलं, "परवाच्या सिनेमाचा शेवट तुला का नाही पटला गं?"

"कुठला सिनेमा?" कुमुद ओशाळली. "अगं, मला वेळच होत नाही. तुझे फोन माझ्या आवाजातला एआय घेतो. सिनेमेही तोच बघतो."

"त्या घटस्फोटाच्या सिनेमानंतर मी तुला माझं सगळं सांगितलं. तू रडलीस माझ्याबरोबर."

"तुझं काय झालं?" कुमुदने घाबरून मोबाइल उचलला. "थांब, त्याला विचारते."

"त्याला नको विचारूस," हेमलता म्हणाली आणि बॅग भरायला उठली.